काळबांडे भाऊजींची बेल

अशी जवळ ये वं जरा, आणि तो मोबाइल बाजूला ठेव. तिकीट काढून भुताला घाबरायला जाता तुम्ही पोरी, आणि म्हातारीकडे यायचं म्हटलं की वेळ नसतो! भुताचं आमच्या समोरच्या काळबांडे भाऊजींना विचार.

कोराडीच्या वीज केंद्रात जन्म गेला त्यांचा. जगात भूत नसतं, लूज कनेक्शन असतं, हे त्यांचं म्हणणं. कॉलनीत कोणाचा पंखा कुरकुरला, की हे हजर. आरतीत समई फडफडली तरी यांचा हात खिशातल्या टेस्टरकडे जातो.

अशा माणसाला भुताच्या सिनेमाची दोन तिकिटं बक्षीस लागली! रेडिओवर विचारलं होतं, घरातला भुताटकीचा अनुभव सांगा. भाऊजींनी फोन लावला. ‘‘माह्या घरची बेल आपोआप वाजते. दार उघडतो तं कोणीच नाही!’’ खोटं नाही हो, आम्हीही ऐकतो ती.

सिनेमा लागायच्या आदल्या दुपारचा खास खेळ. त्यांचा मुलगा बेसाला, अर्ध्या तासावर राहतो. त्याला तीनदा फोन केला आणि मग माझ्या दारात आले. ‘‘वहिनी, तुम्हीच चाला. त्याले मीटिंग आहे.’’

पडद्यावर दिवे लुकलुकले, बाई किंचाळली, सगळे चिडीचूप. आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज, ‘‘अरे, न्यूट्रलची वायर ढिली आहे तिच्या घरची! मेन स्विच पाड ना बे!’’

पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, ‘‘काका, तुम्हीच जाऊन या ना आत!’’

‘‘गेलो असतो गा. पण गेटवर टेस्टर काढून घेतला माहा.’’

पोरं हसून हसून वाकडी झाली. मी पदरात तोंड लपवलं.

परतल्यावर त्यांच्याकडेच चहा झाला. अर्ध्या कपावर बेल वाजली. भाऊजी उठले, केसांवरून हात फिरवला, सदरा सारखा केला, दार उघडलं. कोणी नव्हतं. जिन्यात वाकून पाहिलं, मग परत येऊन बसले.

‘‘भाऊजी, साऱ्या कॉलनीच्या बेली सुधरवता, स्वतःचीच काहून नाही?’’

‘‘दोन मिनिटांचं काम आहे वहिनी. फ्रिज सुरू झाला का वाजते ते. वायर पाहून ठेवली मी.’’ चहा निवला होता, तरी फुंकर मारली. ‘‘पण सुधरवली तं मंग वाजनच नाही ना ते.’’

मी त्यांचा कप उचलला आणि चहा परत गरम करायला ठेवला.

तेव्हा पुढच्या खेपेला लवकर ये वं. माझं दार उघडंच असतं. आधी समोरची बेल दाब, आणि ते दार उघडेपर्यंत तिथून हलू नको.