मालकाला विचारून सांगतो

या, असे जवळ सरकून बसा. मागच्या बाकावर गोष्ट अर्धीच पोचते. क्लीव्हलंडच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाळकबाबांचा मदतनीस, असलेल्या क्लिओफस बॅटलने घर भाड्याने दिलं त्याची हकिकत सांगतो. मध्येच हसू आलं तर दाबू नका.

क्लिओफसने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर भाड्याने द्यायला घर घेतलं. घेताना चूक म्हणून नाही. शिडी लावून छप्पर पाहिलं, सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडला, दुरुस्तीचा पैसा बाजूला ठेवला. पंचाईत एकच होती. त्याला 'नाही' म्हणता येत नसे.

"मग मालक आहेस हे सांगूच नकोस," मेहुणा रॉस्को म्हणाला. "सांग, मी नुसता मॅनेजर. मालक वेगळाच, महाखडूस!"

"डीकन होऊन खोटं बोलू?"

"खोटं कसलं? तुझ्यातही कुठेतरी एक खडूस माणूस असेलच की. त्याला विचारायचं!"

भाडेकरू आली ओडेसा पिकेट. निवृत्त नर्स, गळ्यात साखळीचा चष्मा. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बॅटलभाऊ, स्वयंपाकघर जांभळं रंगवू?"

"मालकाला विचारून सांगतो." क्लिओफस ओसरीवर गेला, बंद फोन कानाला लावून वीसपर्यंत मोजलं, हवेकडे पाहून मान हलवली आणि परत आला. "नाही म्हणाले."

"नाव काय हो त्यांचं?"

"ग्रि... ग्रिमशॉसाहेब."

झालं! ग्रिमशॉसाहेबांनी मांजर नाकारलं, पडदे नाकारले, आणि तुंबलेली मोरी उपसायला मात्र दर वेळी बिचारा मॅनेजरच पालथा. ओडेसाबाईंना त्याची इतकी दया आली की दर शुक्रवारी रताळ्याचं सारण भरलेला गोड पाई भाजून देऊ लागल्या. पुढे तर त्याच्याच चर्चमध्ये यायला लागल्या.

एका रविवारी पाळकबाबांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची?" ओडेसाबाई ताडकन उठल्या. "ग्रिमशॉसाठी! दगडाचं काळीज आहे मेल्याचं!"

पाळकबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरायचं. त्यांनी ते नाव उचललं, सूर चढवला, ऑर्गनवाल्याने साथ धरली, सारी मंडळी टाळ्या पिटत उभी राहिली. "पाझर फोड, प्रभू, ग्रिमशॉला पाझर फोड!" आणि पुढे उभं राहून हात वर करायचे कुणी? डीकन क्लिओफसने! त्याची बायको अर्नेस्टीन पुठ्ठ्याच्या पंख्याआड तोंड लपवून गदागदा हसत होती.

जानेवारीच्या कडाक्यात भाड्याच्या घरातला हीटर मेला. सत्तरीची बाई गारठणार म्हटल्यावर क्लिओफसने दुसऱ्याच दिवशी नवाकोरा बसवला.

"साहेब हो म्हणाले?" ओडेसाबाईंनी विचारलं.

"ताबडतोब," तो पुटपुटला.

चर्चभर डंका पिटला गेला. ग्रिमशॉला पाझर फुटला! मंडळीने ठराव केला की येत्या रविवारी साहेबांचा सत्कार करायचा. पहिल्या रांगेत फीत बांधलेली खुर्ची आली आणि तळघरात कोंबडी तळली जाऊ लागली. साहेबांना आणायचं काम अर्थातच मॅनेजरकडे.

"आता काय करू गं?" क्लिओफसने आदल्या दिवशी विचारलं.

"सूट दोन आहेत तुझ्याकडे," अर्नेस्टीन म्हणाली. "एकदा हा घालून ये, एकदा तो."

रविवारी खुर्ची रिकामी आणि सगळ्यांच्या माना दाराकडे. वीस वर्षांचं डीकनपण पणाला लावून क्लिओफस उभा राहिला. "ग्रिमशॉ कुणी नाही हो. मीच मालक. मी खोटं बोललो."

तेवढ्यात ओडेसाबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "ठाऊक आहे मला. करारावर सही करण्याआधी घर कुणाच्या नावावर आहे ते पाहून येते मी. खुळी वाटले काय?"

"मग इतक्या प्रार्थना कुणासाठी?"

"ग्रिमशॉसाठीच! तो तुमच्यातच बसलाय ना? आणि गुण आला की नाही? एका दिवसात हीटर!"

असा हशा उसळला की पाळकबाबांनी त्यातच "पाझर फुटला!" असा सूर धरला. क्लिओफसला हाताला धरून त्या फितीच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

"आता माझ्या जांभळ्या रंगाचं बोला," ओडेसाबाई म्हणाल्या.

क्लिओफसचा हात सवयीने खिशात गेला. फोन कानाला लागला. मंडळीने श्वास रोखला.

"हो म्हणाले!"

तेव्हापासून ग्रिमशॉसाहेब कुणाला दिसले नाहीत. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. बिचाऱ्यांना तुमच्या-आमच्याशिवाय राहायला दुसरी जागा नाही.