आंतोनची पहिली मूठ

आमच्या गोराईतला आंतोन चणे चुकीच्या क्रमाने वाटतो, ही तक्रार मी लेखी नोंदवलेली आहे.

मे महिन्यात रोज संध्याकाळी गावच्या क्रुसापुढे रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होते आणि ती संपली की उकडलेले चणे वाटले जातात. नियम साधा आहे: ज्याने गुडघे टेकून प्रार्थना केली, त्याने ओंजळ पुढे करावी. आंतोन मात्र पातेले काखेत धरून आधी कुंपणाबाहेर जातो. तेथे पत्ते कुटणारे, झिंगलेले, नुसती गंमत पाहणारे. गुडघे सोलून घेतलेल्या आम्हांला तळाचे पाणी.

"त्यांनी प्रार्थना केलेली नाही," मी बजावले.

"मग भूक लागत नाय काय त्यांना?"

"प्रश्न भुकेचा नाही, पात्रतेचा आहे."

"वकीलसाहेब, पात्र माणूस एक दाखव. अख्खं पातेलं त्याला देतो."

मी वकील नव्हे. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. पण आंतोनला असले भेद मान्यच नाहीत. चोर असो की बायकोला मारणारा, त्याचे म्हणणे एकच: "देवाचं तारण फुकट आहे रे, तुझं काय जातं?" मी फादरांना सविस्तर पत्र लिहिले. ते म्हणाले, "आंतोनचं बरोबर आहे." धर्मगुरूच असे बोलू लागल्यावर दहा आज्ञा काय भिंतीवर टांगण्यासाठी आहेत?

हेही मी सोसले असते. पण गेल्या वर्षी जेटीच्या वळणावर एका प्यायलेल्या टेम्पोवाल्याने आंतोनच्या बायकोला, फिलोमिनाला, उडवले. ती जागीच गेली. खटला रेंगाळू नये म्हणून पोलिसांना पत्रांमागून पत्रे मीच धाडली. तो जामिनावर सुटला आणि या मे महिन्यात कुंपणाबाहेर मान खाली घालून उभा राहू लागला. आंतोन उठतो तो थेट त्याच्याकडे. पहिली मूठ त्याला. रोज.

अखेर मी आंतोनला सर्वांदेखत अडवले. "मेली ती फिलोमिना. तिच्या वतीने माफी देण्याचा अधिकार तुला कोणी दिला?"

आंतोन पुढच्या ओंजळीकडे वळला. लोक पांगल्यावर तो क्रुसाच्या पायरीवर पातेले मांडीवर घेऊन बसला. मी उत्तरासाठी थांबलो होतो.

"माफ केलं असं कोण बोललं तुला?" तो म्हणाला. "रोझरीभर माझी नजर दगड शोधत असते. त्याच्या डोक्यात घालायला. एक शब्द तोंडात येत नाय. म्हणून पहिला त्यालाच देतो. शेवटी ठेवला ना, तर त्याच्यापर्यंत जाईस्तोवर मूठ उघडायची नाय माझी."

मी पातेल्यात डोकावून पाहिले. "तू स्वतः चणे घेतलेस का?" मी विचारले.

"मला फिलू द्यायची."

तक्रार मी मागे घेतलेली नाही. रोझरीभर दगड शोधणाऱ्याचा चण्यांवर नियमाप्रमाणे काडीचाही हक्क नाही. तरीही तळाला चिकटलेले चणे मी खरवडून काढले आणि आंतोनच्या ओंजळीत ठेवले.