रेघ बॉडीकडे!

इंजिनाच्या बाबतीत माझ्याशी पैज लावायची पलूसपासून कडेगावपर्यंत कुणाची छाती नव्हती, असं मी चारचौघांत सांगायचो. खरंच कुणी कधी पैज लावली नाही. ती का लावली नाही, हे मात्र मी कुणाला विचारायला गेलो नाही!

पंधरा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढलेला माणूस मी. शिपाई म्हणून लागलो आणि शिपाई म्हणूनच परत आलो. बढती मिळायला लिहा-वाचायची परीक्षा द्यावी लागायची, आणि ती परीक्षा आली की माझं पोट दुखायचं. पंधरा वर्षांत ते फार वेळा दुखलं. सही तेवढी यायची. तीही कुणी कोपराला धक्का दिला नाही तर!

गोष्ट शहात्तर सालातली. गावात आमचं गुऱ्हाळ होतं. भिंतीच्या पलीकडे डिझेल इंजिन, अलीकडे उसाचा चरक. चरकात ऊस घालायला आमचा गडी गुंडा. आदल्या हंगामात गुंडाची बाही चरकाच्या फिरत्या लोखंडी लाटांत सापडली. तो ओरडला, पण इंजिन बंद करायला भिंतीला वळसा घालून तीस पावलं पळायला लागायचं. बाही फाटली म्हणून हात वाचला. यंदा गुऱ्हाळ सुरू करायची वेळ आली, तसा तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"दादा, हितनं इंजन थांबायची सोय करा. न्हाईतर मी काय हात घालत न्हाई."

"एवढंच?" मी मिशीवर हात फिरवला. "अरं, फौजेत आमी रणगाडं थांबवलंत!"

"रणगाड्याचं ऱ्हाऊ द्या. चरकाचं बोला."

बेत माझ्या डोक्यात तयार होता. सांगलीच्या जुन्या बाजारातून एक विजेची कॉइल आणली. ती इंजिनाला डिझेल सोडणाऱ्या दांडीला जोडली. वीज असेपर्यंत कॉइल दांडी ओढून धरणार आणि इंजिन चालणार. वीज तुटली की स्प्रिंग दांडी मागं खेचून डिझेल तोडणार आणि इंजिन बंद! वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. चरकापुढं एक दोरी टांगायची, ती ओढली की वीज तुटायची.

पण दोरीचा खटका होता बारीक, त्याला एवढा करंट सोसेना. म्हणून सांगलीला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दादासोकडे गेलो. त्याने ट्रान्झिस्टर घालून, खटक्याऐवजी कॉइलचा करंट सोसणारी एक डबी करून दिली. वर काळ्या मण्याएवढी एक वस्तू हातावर ठेवली. दोन्हीकडे तारेचे पाय आणि एका टोकाला पांढरी रेघ.

"ह्यो डायोड," दादासो म्हणाला. "करंट तुटला की कॉइल उलटा झटका देती. त्या झटक्यानं डबीतला ट्रान्झिस्टर मरतोय. कॉइलच्या दोन टोकांवर ह्यो जोडा, मग झटका तितल्या तितं जिरंल. कसा जोडायचा ते चिठ्ठीत लिवलंय."

"मला शिकवतोस व्हय?" मी म्हणालो आणि चिठ्ठी टोपीत खोचली.

मला खरोखरच शिकवायची गरज नव्हती. वायरलेसच्या गाड्यांवर मी असले डायोड दहा वर्षं जोडले होते. आमच्या उस्तादाने एक मंत्र दिला होता, 'रेघ बॉडीकडे!' ज्या टोकाची वायर गाडीच्या अंगाला जाते, त्या टोकाकडे रेघ. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

घरी आलो. टोपी खुंटीला लावताना चिठ्ठी खाली पडली. माझ्या बायकोने, चंद्राबाईने, ती उचलली. त्या साली शाळेच्या ओसरीवर दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, आणि ही चार महिने तिकडे जात होती. तेव्हापासून घरात कागद टिकत नव्हता! बिडीचं बंडल, खताचं पोतं, दिसेल ते वाचायची. मी पंचांगाला हात लावला, तर ते उलटं धरलंय असं सांगायची.

"रे-घे-ची बा-जू..." तिने सुरुवात केली. "मग ही बेरजेची खूण हाय. मग क-डे. रेघेची बाजू बेरजेकडे. उ-ल-ट ला-वू न-ये."

मला हसू आवरेना. "अगं, इंजनात कसली आलीया बेरीज? दादासोनं किराणा मालाची चिठ्ठी दिली आसंल!"

"आवं, पर लिवलंय तसं..."

"तू बेरजा कर. मी इंजन करतो."

मी डायोड जोडला. रेघ बॉडीकडे.

सोमवारी सकाळी चांगला मुहूर्त होता. निम्मं गाव गुऱ्हाळावर जमलं. केरू गुळव्याने रस आटवायची काहील घासूनपुसून चुलवाणावर चढवली. मी पुतण्याच्या लग्नातला गुलाबी फेटा बांधून आलो होतो. चंद्राबाई मध्येमध्ये बोलेल म्हणून तिला 'बॅटरी चावत न्हाई' असं सांगून भिंतीपलीकडे बॅटरीपाशी बसवलं.

"आधी एकदा दोरी वढून बघूया का?" गुंडा म्हणाला.

"फौजेत तसलं काय नस्तं. फौजेत थेट चढाई!"

मी भिंतीपलीकडे जाऊन बॅटरीची वायर जोडली. कॉइलपाशी 'टक्' असा आवाज झाला आणि उदबत्तीएवढा धूर निघाला.

"आवं, धूर!" चंद्राबाई म्हणाली.

"नवा रंग हाय, तापला."

कॉइलने दांडी ओढून धरली होती. आणखी काय पाहिजे? इंजिन सुरू केलं. चरक फिरायला लागला, केरूने चार मोळ्या उसाचा रस काढून घेतला. मग मी दोरी हातात धरून गावासमोर उभा राहिलो.

"गुंडा, बघ आता. ह्या फेट्याचा शेमला मी चरकात देतो. लाटांनी त्यो चावायच्या आत इंजन गप! मग तर घालशील हात?"

"फेटा काढून द्या की दादा."

आता तुम्हीच सांगा, भरल्या गावात माणूस फेटा उतरवतो का? ती काय रीत झाली! मी फेटा डोक्यावर ठेवूनच शेमला लाटांना दिला आणि ऐटीत दोरी ओढली.

इंजिन चालूच!

पुन्हा ओढली. इंजिन चालूच. तिसऱ्यांदा ओढली, तर दोरीच हातात आली! तोवर लाटांनी शेमला गिळून वरच्या वेढ्याला हात घातला होता. वेढा सुटेल तसा मी फिरायला लागलो. जत्रेतल्या पाळण्यासारखा फिरत होतो! प्रत्येक फेरीत गाव एकदा डावीकडून दिसायचं आणि एकदा उजवीकडून.

"दादा, डोकं सोडवा!" गुंडा ओरडत होता.

"काहीलीत रंग उतराय लागलाय!" केरू ओरडत होता. त्याला माझ्या डोक्यापेक्षा रसाची काळजी.

"बंद कर गं!" मी ओरडत होतो.

भिंतीपलीकडे चंद्राबाई उठली. तिने बॅटरीची वायर उपटली. लख्खन ठिणगी उडाली, "आई गं, चावलं!" असा आवाज आला, आणि इंजिन दोन ढेकर देऊन थांबलं.

फेट्याचा शेवटचा वेढा माझ्या कपाळावर राहिला होता. बाकी अकरा हात चरकाच्या पोटात.

चंद्राबाई बोटं झटकत आली. "बॅटरी चावत न्हाई म्हणालासा न्हवं?"

"ती बॅटरी न्हवं. कॉइलचा झटका."

"त्यो जिरवायला मणी लावलाय न्हवं?"

मी कॉइलपाशी गेलो. डायोड भाजलेल्या शेंगेसारखा मधोमध उकलला होता. गुंडाने आपली बाही खाली ओढली आणि तो घरी गेला. मला तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको एसटीने सांगलीला. दादासोने डबी उघडून वास घेतला.

"उलटा लावलासा. डायोडमधनंच सगळा करंट गेला. त्यो फुटला, ट्रान्झिस्टर चिकटला. मग दोरी वढा न्हाईतर रडा, वीज तुटतीया कशी? चिठ्ठी दिली हुती की! वाचली न्हाई?"

"वाचली," चंद्राबाई म्हणाली. "मी वाचली. यांनी ऐकली न्हाई."

"आरं, पर आमचा उस्ताद..."

"कसल्या गाड्या हुत्या तुमच्या?"

"जुन्या. विलायती."

दादासोने कपाळावर हात मारला. "त्या गाड्यांत प्लस बॉडीला बांधलेला आसायचा! तुमच्या ट्रॅक्टरात मायनस बॉडीला हाय. रेघ कायम प्लसकडं, दादा."

म्हणजे दहा वर्षं मी बरोबर जोडत होतो, ते का बरोबर होतं हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं! बॅटरीवरची ती खूण मी हजार वेळा पाहिली होती. मला वाटायचं, कंपनीची नक्षी आहे.

नवा डायोड चंद्राबाईने चिठ्ठी समोर धरून जोडला. मी डाख लावायचं कथील धरून उभा होतो. या वेळी आधी दहा वेळा दोरी ओढली. दहा वेळा इंजिन थांबलं. गुंडाने मला विचारलं, "कुणी जोडलं?" मी खरं ते सांगितलं. मग त्याने बाह्या वर सारल्या.

महिन्याभराने त्याच्या मनगटातला गंडादोरा उसाच्या पाल्यात गुंतला. बोटं लाटांपासून चार अंगुळांवर गेली. त्याने दुसऱ्या हाताने दोरी ओढली. इंजिन जागच्या जागी गप्प! मी धावत गेलो तर तो हाताची बोटं मोजत होता. पाचच्या पाच होती.

संध्याकाळी गुंडा नारळ घेऊन आमच्या दारात आला. मी टोपी सारखी केली, छाती पुढं काढली, ओट्यावर ताठ बसलो. तो माझ्यापुढून तसाच आत गेला आणि चुलीपाशी चंद्राबाईच्या पायांशी नारळ ठेवला.

त्यानंतर मीही अक्षरं शिकायला बसलो. पुरुषांचा वर्ग नव्हता, म्हणून घरीच. लोक अ पासून सुरुवात करतात, मला चंद्राबाईने आधी बेरजेची खूण गिरवायला लावली. आठ दिवस!

आणि त्या नारळाचा प्रसाद मलाही मिळाला बरं का. खोबऱ्याचा तुकडा, त्यावर गुळाचा खडा. गूळ गुलाबी होता. बाजारात तो कुणी घेतला नाही. केरूने तर ढेपेला हात लावायलाही नकार दिला. तेव्हा पुढच्या दिवाळीपर्यंत तो आमच्या घरातच खाल्ला गेला. चवीला चांगला होता. फक्त अधूनमधून दातात दोरा यायचा.