परशराम आप्पांच्या कानामागील विडीचे प्रकरण

श्रीबिरदेव समर्थ. धूर कोणी काढावा आणि कोणाच्या डोळ्यांत जावा, हे देवच जाणे. तथापि निपाणी प्रांती परशराम आप्पांचे घरी जे वर्तले, ते पुढील पिढीस कळावे म्हणोन लिहिले असे.

आप्पा तंबाखूचे पिढीजात कास्तकार. एक विडी ओठांत, दुसरी कुमकेस कानामागे. धुण्याचे वेळी चिरंजीव युवराजांच्या खिशात गांजाची पुडी सापडली आणि घरात हलकल्लोळ जाहला. कुळाची इभ्रत बुडाली म्हणोन आप्पा कष्टी जाहले, मग विडी शिलगाविली, आणि मग फर्माविले की, चिरंजीवाने बिरदेवाचा भंडारा उचलून शपथेवर गांजा सोडावा, नपेक्षा घर सोडावे. मातोश्री अंबूबाईंच्या काळजाचे पाणी जाहले; एकुलता लेक हट्टी, गेला तर फिरोन येणारा नव्हे.

तेव्हा कन्या प्रियदर्शनी, बेळगावी कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी, तिने अर्ज गुजारला की, विडीची ओढ आणि गांजाची ओढ यांची मुळे काही अंशी एकाच जनुकांत असतात, ऐसे जुळ्या भावंडांच्या तपासात आढळले आहे. सबब आप्पांनी आपले रक्तही तपासावे. युवराजांस स्फुरण चढले, आणि गुन्हा रक्ताचा, आपण बेकसूर, ऐसा जबाब दिधला. तोही कन्येने मोडिला, की तेच रक्त माझेही आहे. रक्त ओढ लावते, पुडी विकत आणीत नाही.

आप्पा गरजले की तंबाखू ती लक्ष्मी, गांजा ती अवदसा, आणि भंडाऱ्याची वाटी स्वहस्ते मधोमध मांडिली. येथेच घात जाहला. त्या घराण्याचा शिरस्ता ऐसा की, शपथ घालणाऱ्या वडिलाने आधी स्वतः तैसीच शपथ घेऊन भंडारा उचलावा, मग धाकट्याने. आप्पा संतापात विसरले; अंबूबाई विसरल्या नव्हत्या.

"आधी तुमी उचला," त्या म्हणाल्या. "कानामागची खाली ठेवा आन् उचला. न्हायतर पोराला घराभायेर काढायचा हक्क तुमास्नी न्हाय."

आप्पांनी वाटीकडे पाहिले, मग लेकाकडे पाहिले. लेकाची नजर पुडीवरून हटेना, आणि तैसीच आपलीही विड्यांच्या बंडलावरून, हे पाहून त्यांस फार वाईट वाटले. मग विडी, बंडल आणि पुडी न्हाणीच्या चुलीत पडली, आणि उभयतांनी भंडारा उचलिला.

दुसरे दिवशी कट्ट्यावर बसल्या बसल्या आप्पांचा हात कानामागे गेला आणि रिकामा परतला. शेजारी युवराज खिसा चाचपीत होते.

"लई जड जातंय रं."

"व्हय, आप्पा."

येणेप्रमाणे दोन्ही वीर एका कट्ट्यावर जेरबंद जाहले आणि अंबूबाईंची फत्ते मुक्रर जाहली. शेतातील उभ्या तंबाखूस मात्र अभय मिळाले. तो परक्यांच्या लेकरांसाठी होता.