अडकलेला सा

लाल दिवा म्हणजे लिहून घेतोय. हिरवा दिवा म्हणजे नुसतं ऐकतोय.

पिवळा स्पंजचा चेंडू. दवाखान्यातून मिळालेला, आठ महिने एकदाही न दाबलेला. सध्या त्याच्याशी मांजर खेळतं.

करंट लागलेल्या माणसाला हाताने ओढू नये. लाकडी वस्तूने ढकलावे.

साऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ.

मांडवा जेट्टीवर फेरीतून उतरलेलं एक लांबडं खोकं. वर माझ्या भावाच्या अक्षरात : 'आबांसाठी. आपटू नये.'

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो लावायला मला आठ दिवस लागले. मला! प्रांजलीला! किहीमच्या पलीकडच्या आमच्या ग्रामपंचायतीत मी संगणक परिचालक आहे. सर्व्हर झोपला, प्रिंटर रुसला, सरपंचांच्या मोबाइलचा आवाज गेला, की सगळे माझ्या दारात. माझ्याकडे मंत्र एकच : बंद करून चालू करा. या एका मंत्रावर मी नऊ वर्षं गाव चालवलंय.

"आजवर मला एकही मशीन हरवू शकलेलं नाही!" हे वाक्य मी पाच एप्रिलला, खोकं उघडताना, कमरेवर हात ठेवून बोलले. तारीख लक्षात ठेवा.

आता आबा. माझे वडील, बाळाराम. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीचे पेटीवाले. उजवा हात सुरांवर, डावा हात मागे भात्यावर, अशी बत्तीस वर्षं. महाडच्या पाण्यावर त्यांनी स्वतः एक गाणं बांधलंय. दर चौदा एप्रिलला आई ते गाते आणि आबा पेटी धरतात. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये आबा पेटीवर जे काही वाजवतात ते कुठेही लिहिलेलं नाही. ते त्यांच्या बोटांत आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये आबांना लकवा आला. चेहरा सावरला, पाय सावरला, डावा हात मात्र राहिला. खांदा थोडा उचलायचा, बोटं ढिम्म. "हात चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "डोक्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही." व्यायामाला तो पिवळा चेंडू दिला.

"चेंडू दाबायला मी काय कुकुलं बाळ हाय?" आबा म्हणाले, आणि घरी येऊन पेटीवर चादर घातली.

आईने त्याच दिवशी जाहीर केलं, "पेटी न्हाय, तर मी पण गानार न्हाय."

म्हणून माझी योजना. खोक्यात होता वाजवायचा कीबोर्ड. त्याला भाता नसतो, एका हाताने वाजवता येतो. आबा उजव्या हाताने वाजवतील, माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड होईल, जयंतीला स्पीकरवर लावू, आई गाईल. नऊ दिवस हातात. मी तर दोन तासांत उरकणार होते!

*

तक्रार : कीबोर्ड दाबला असता आवाज येत नाही.
उपाय : बंद करून चालू केले.
शेरा : तरी येत नाही.

मी सनीला फोन लावला. सनी माझा धाकटा भाऊ. खारघरला असतो, मित्राच्या स्टुडिओत काम करतो.

"ताई, ट्रॅकचा लाल दिवा लावला का? तो लावल्याशिवाय ट्रॅक घेणारच नाही ना यार."

लाल दिवा! एवढंच! पडद्यावर आठ ट्रॅक होते. मी आठही दिवे लावले. सरकारी कामाची सवय हो! अर्ज तीन प्रतींत घेतलेला बरा. एक हरवला तर दुसरा असतो.

"वाजवा आबा!"

आबा चटईवर बसले. समोर टीपॉयवर कीबोर्ड. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि कीबोर्डच्या मागच्या कडेवर ठेवून दिला, जसं आपण छत्री कोपऱ्यात ठेवतो. मग सा दाबला.

एका वेळी पेटी, तुतारी, ढोल, घंटा, गिटार, कसलासा पक्षी, काच फुटल्याचा आवाज आणि एक बाई, असे आठ जण ओरडले! मांजर चेंडू टाकून माडावर चढलं. शेजारचे अंबाजीकाका धावत आले. काका म्हणजे पार्टीचे ढोलकीवाले, आबांचे जन्माचे सोबती.

"बाळाराम, काय पडला रं?"

"काय पडला न्हाय. पोरीनं यंत्र लावलाय."

"मी म्हटला वरातीवर झाड पडला."

सात दिवे विझवले. आता नुसती पेटी वाजू लागली. पण मागे टिक, टिक, टिक.

"ह्यो कोन मधीमधी बोलतो?" आबांनी विचारलं.

"तो ताल देतो, आबा. त्याच्यावर वाजवायचं."

अंबाजीकाकांचा चेहरा पडला. "ताल देतो? मंग मी मेलोय काय?"

टिकटिक बंद केली. काका खाटेवर ढोलकी घेऊन बसले. आबांनी गाण्याचं तोंड धरलं. बोटं आठ महिन्यांनी चालत होती, तरी काय चालत होती! आई स्वयंपाकघराच्या दारात कोलंबी सोलायची थांबली. पहिलं कडवं संपलं, आता ती मधली जागा येणार, आणि—

साऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ.

आबांनी बोट उचललं. सा चालूच. दोन्ही हात... म्हणजे एक हात वर केला. सा चालूच! घाटात ब्रेक गेलेल्या एसटीच्या हॉर्नसारखा.

"सनी! सा थांबत नाही!"

"वर बघ, पॅनिक नावाचं बटण असेल. ते दाब."

"घाबरल्यावर दाबायचं बटण? आधी का नाही सांगितलंस? मी खोकं उघडल्यापासून घाबरलेय!"

बटण दाबलं. सा मेला. पण त्या जागेपासून पुढे ट्रॅक कोरा. तो आपला मुकाट्याने पुढे सरकत होता, आणि त्याच्यावर आबांचा एक सूर नव्हता.

*

सोमवार. बंद करून चालू. अडकला.
मंगळवार. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. अडकला. या वेळी म.
बुधवार. लॅपटॉप पंख्याखाली. अडकला.
गुरुवारी आईने लॅपटॉपची दृष्ट काढली. मी विज्ञानवादी घरातली, मी विरोध केला. पण आधी काढू दिली.
अडकला.

आणि चमत्कार असा की मी वाजवलं, तर कधीच अडकत नव्हता! मी एका बोटाने बडबडगीत वाजवायचे, यंत्र गुणी बाळासारखं सगळं लिहून घ्यायचं. आबा बसले की तोंडापुरतं चालायचं आणि ऐन रंगात, बरोबर त्या मधल्या जागेवर, दगा!

शनिवारी सनीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. मी वाजवून दाखवलं.

"सगळं ओके आहे, ताई."

"मग अडकतं का?"

"सोपं आहे. कीबोर्ड आवाज पाठवतच नाही. तो नुसते निरोप पाठवतो. सा दाबला. सा सोडला. आवाज लॅपटॉप काढतो. 'दाबला' पोचलं आणि 'सोडला' वाटेत हरवलं, तर तो सा धरूनच बसणार ना!"

"पण हरवतं का?"

"मशीनमध्ये तर काही नाही. मंजे प्रॉब्लेम यूजरमध्ये आहे."

आबा मागेच बसले होते.

"यूजर म्हंजे मीच ना रं?"

 खारघरमध्ये कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तेवढी ऐकू आली.

आबा उठले. आतून दुसरी चादर आणली आणि एका हाताने, चारही कोपरे नीट ओढत, कीबोर्डवर घातली. आता घरात दोन चादरी झाल्या.

"ऱ्हाऊ दे गो पोरी. त्याला माजी बोटां समजत न्हाईत. डाव्याला समजली न्हाईत, आता उजव्याला पन."

मी नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "आबा, मला जमलं नाही."

ते माझ्या डोक्यावरून हात फिरवून झोपाळ्यावर जाऊन बसले. मला ओरडले असते तरी चाललं असतं.

*

रविवार, बारा एप्रिल. दुपारचे चार. जयंतीला दोन दिवस.

"फक्त एकदा, आबा. शेवटचं. मी मागे झोपून वायरवर नजर ठेवते."

"वायर काय पळून जातंय?"

"जात असेल तर पकडते."

आबा नाइलाजाने बसले. डावा हात उचलून मागच्या कडेवर ठेवला. अंबाजीकाका खाटेवर, आई दारात. मी टीपॉयच्या मागे पालथी, मोबाइलची बॅटरी लावून. नाकासमोर वायर. तिच्या टोकाशी छोटा हिरवा दिवा. आणि बाजूला, कीबोर्डच्या कडेवरून लोंबलेली, आबांची चार बोटं.

तोंड झालं. पहिलं कडवं झालं. आबा त्या मधल्या जागेत शिरले. वर उजवा हात रंगात आला असणार, कारण काका "वा!" म्हणाले.

आणि बोटं हलली.

मला वाटलं, बॅटरीची सावली. नाही. चार बोटं मिटली, कीबोर्डच्या पाठीला दाबली, सुटली. मिटली, दाबली, सुटली. संथ, तालात. भाता! आबांचा डावा हात कीबोर्डला हवा घालत होता! पाठीत भाता नव्हता, होती वायर. तिसऱ्या दाबाला बोट वायरीला लागलं, हिरवा दिवा विझला—

साऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ.

मी किंचाळले. शब्द फुटेना, नुसतंच "आं! आं!" आणि डोळ्यांतून धारा. हात थरथरतोय, हातात वायर.

"पोरीला करंट लागला!" आई ओरडली.

"हात नका लावू! लाकूड! लाकूड हाना!" अंबाजीकाका.

काकांनी भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि आपल्या ढोलकीच्या थापेने माझ्या कमरेत घातला. मी म्हणाले, "करंट नाही!" तर दुसरा घातला. "बोलतेय! अजून हाय!" आईने धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला.

पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच वारलेली, तो वायरीवरच जगायचा, तोही गेला. सा गेला.

 मी टीपॉयमागून डोकं वर काढलं.

"आबा. हात."

"कुटं लागला?"

"माझा नाही. तुमचा. डावा."

आबांनी कीबोर्डवरून वाकून मागे पाहिलं. बोटं आता निपचित होती, चोरी पकडलेल्या पोरांसारखी.

"हलत होता. तुम्ही भाता मारत होता, आबा. आठ दिवस तुम्ही भाता मारताय आणि मी सॉफ्टवेअर बदलतेय!"

 आबांनी हाताकडे पाहून हुकूम सोडला, "हल." नाही हलला. "हल रं." नाही.

"सांगून नाय हलायचा तो," अंबाजीकाका म्हणाले. "आपल्या पार्टीत कोन कवा सांगून हललाय? तू वाजव."

"कशावर वाजवू? लाइट घालवलाव ना तुमी."

सगळ्यांनी एकदम कोपऱ्यातल्या चादरीकडे पाहिलं. पेटीला कुठे वीज लागते!

चादर आईने काढली. पेटी पुढ्यात आली. आबांनी डावा हात उचलून मागे भात्यावर ठेवला, उजव्याने तोंड धरलं आणि डोळे मिटले. आधी नुसती सुरांची लाकडं वाजली, टक टक. मग एक श्वास. सर्दी झालेल्या माणसासारखा बारीक सूर निघाला, दोन स्वर टिकला, विझला. पुन्हा श्वास. पुन्हा दोन स्वर.

"ह्यो भाता फाटलेला व्हता ना?" काकांनी विचारलं. "गेल्या जयंतीला पट्टी चिकटवलेली मी. आता तर हवा कुटं जात न्हाय."

आईला अचानक कोलंबी आठवली. ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, त्या दोन दोन स्वरांना धरून, हळू.

*

तक्रार : आठ दिवसांत झालेले एकही रेकॉर्डिंग उपलब्ध नाही.
कारण : परिचालकाने सेव्ह केले नव्हते.
शेरा : गावात सांगू नये.

चौदा तारखेला आई गायली, आबांनी पेटी धरली. एक कडवं त्यांचा हात पुरला. पुढची तीन कडवी आणि ती मधली जागा, भाता मी मारला. शेजारी बसून, साऱ्या वस्तीसमोर, नवी निळी साडी नेसून!

"हळू गो," आबा ओठ न हलवता म्हणाले. "सायकलीत हवा भरतेस काय?"

आजवर मला एकही मशीन हरवू शकलेलं नव्हतं. पेटीने हरवलं. दुसऱ्या दिवशी उजवा दंड वर जाईना, ग्रामपंचायतीत डाव्या हाताने माऊस धरला, आणि दुपारी मांजराकडून पिवळा चेंडू मागून घेतला. आता तो आम्ही दोघं आळीपाळीने दाबतो. आबा बारा वेळा. मी नऊ.

आणि हे मागाहून कळलं : जानेवारीत आई मावशीकडे म्हणून गेली होती, तेव्हा ती पेटी मांडीवर घेऊन एसटीने अलिबागला गेली होती आणि भाता नवा बसवून आणला होता.