कांबळे सरांची अमेरिकन टीम

कांबळे सर ओमानी पोरांवर मराठीत ओरडायचे. "अरे, कमरेतून वाक! धर त्याला, सोडू नको!" आणि मराठीचा गंधही नसलेली ती दांडगी पोरं बरोबर वाकायची, धरायची.

दोन हजार बारा साली मी मस्कतच्या एका खासगी कॉलेजात ऑफिसला लागलो, तेव्हा महाडचे हे सर तिथे पीटी शिकवत. जन्मभर कबड्डी खेळलेला माणूस. अमेरिकन फुटबॉलची टीम काढली होती एका अमेरिकन प्राध्यापकाने. तो वर्षभरात मायदेशी परतला आणि जाताना तो लांबट चेंडू सरांच्या हातात ठेवून गेला. सरांनी दोन दिवस नियम वाचले आणि निकाल दिला, की समोरच्याला धरून पाडायचं नि आपला माणूस पलीकडे पोचवायचा, म्हणजे ही कबड्डीच. फक्त दम घुमवायचा नाही.

पहिली तीन वर्षं टीम एकही मॅच जिंकली नाही. हरल्यावर सर कुणाला बोलत नसत. एकेकाच्या आईला फोन लावून मोडक्या अरबीत सांगत, की मुलगा तमाम, म्हणजे ठणठणीत आहे, जेवायला घरी येतोय. चौथ्या वर्षी एकदाचे जिंकलो. त्या दिवशीही तेच फोन, तेच शब्द. जिंकल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं ते मी साताऱ्याला कळवलंच नव्हतं. आई एकटी, उगाच घाबरली असती. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, तर सर शेजारी बसून तिच्याशीच बोलत होते. नंबर ऑफिसातून काढला होता. "वहिनी, पोरगा तमाम आहे. मी आहे ना इथे." पुढे आठ दिवस मऊ भाताचा डबा त्यांनीच आणला. आई अजून त्यांचं नाव काढून हात जोडते. मीही.

मग कॉलेजने टीम बंद केली आणि साठी झाल्यावर सरही महाडला परत निघाले. एअरपोर्टवर पार बरका गावापासून जुनी पोरं आली होती. वडीलधाऱ्यांना करतात तसं एकेकाने त्यांच्या कपाळावर ओठ टेकवले. सर हसत होते. मला बाजूला घेऊन मात्र हळूच म्हणाले, "शेळके, बायको जाऊन नऊ वर्षं झाली. संध्याकाळी पाचला मैदानावर जायचो, म्हणून दिवस निघाले. तिकडे पाचला काय करायचं?"

त्यांची बॅग मी बराच वेळ हातातून सोडली नाही.

आता रोज दुपारी साडेतीनला मी ऑफिसबाहेर येतो आणि त्यांना फोन लावतो. महाडला तेव्हा पाच वाजलेले असतात.