मोकळ्या हाताचा नियम

चीनमधल्या शेनयांगच्या बॉयलर कारखान्याच्या वसाहतीत, पाचव्या इमारतीमागे, टेबल टेनिसचं एक सिमेंटचं टेबल आहे. थंडीआधी त्यावर कोबी वाळत घालतात, एरवी खेळतात. जाळी नव्हती; मधोमध विटांची ओळ होती. वाद झाला तर ज्याचा आवाज मोठा, गुण त्याचा. कित्येक वर्षं खेळ असाच चालला आणि तो बेकायदेशीर आहे याची कुणालाही कल्पना नव्हती.

ती कल्पना दिली म्याओने. म्याओ कारखान्यातला निवृत्त हिशेबनीस. आयुष्यात त्याला एकच गोष्ट जमली नव्हती, शुचिनबाईंना हरवणं. शुचिनबाई पूर्वी क्रेन चालवायच्या. त्यांची सर्व्हिस मुठीतून, एप्रनच्या आडून यायची. चेंडू निघालाय हे तो पोचल्यावर कळायचं. यंदा कोबी टेबलावर चढला की म्याओ मुलीकडे ग्वांगचौला जाणार होता, कायमचा. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला जिंकायचं होतं. खेळून जमेना, म्हणून त्याने अधिकृत नियमावली मागवली.

"अहो शुचिनबाई," तो एकदम अहो-जाहोवर आला, "चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा. निदान सोळा सेंटिमीटर वर उडवायचा. समोरच्याला तो सतत दिसला पाहिजे. तुमची एकही सर्व्हिस आजवर वैध नव्हती."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही मला कधी हरवलंच नाही."

"मग दर रविवारी तोंड पाडून घरी कशाला जायचास रे?"

हे भांडण रहिवासी समितीकडे गेलं. अध्यक्षा थ्येनबाईंना वरून 'नियमपालन उपक्रम राबवा' असा आदेश आलेला होता आणि त्यांच्याकडे उपक्रम नव्हता. दुसऱ्या दिवशी अंगणात लाल फलक लागला: 'नियम समजून घ्या, चेंडू शिस्तीत मारा.' मला पंच नेमलं. मला खेळता येत नाही, म्हणजे मी निःपक्षपाती, असं थ्येनबाईंचं म्हणणं पडलं.

रोज संध्याकाळी म्याओ नियम शिकवायला लागला. त्यापायी अंगणातला बायकांचा रोजचा नाच बंद झाला. घरोघरी चॉपस्टिका सोळा सेंटिमीटरवर तोडून चेंडूची उडी मोजणं सुरू झालं. "मोकळा हात, म्हणजे बॅट नसलेला, टेबलाला लागला तर?" म्याओ विचारायचा. "गुण समोरच्याचा!" सगळं अंगण ओरडायचं.

शुचिनबाईसुद्धा नियम वाचतील, हे मात्र त्याने धरलं नव्हतं.

"अरे म्याओ, तुझा बनियन पांढरा, चेंडूही पांढरा. चालत नाही."

"काढतो."

"काढू नकोस बाबा. आतून तू आणखीनच पांढरा आहेस."

म्याओ बायकोचं जांभळं फुलाफुलांचं जाकीट घालून आला. मग शुचिनबाईंनी विटांवर बोट ठेवलं. विटा गेल्या, जाळी आली. म्याओने टेबलाच्या रंगावर हरकत घेतली. तो गडद हवा. टेबल हिरवं रंगवलं. रंग वाळेपर्यंत खेळ बंद. सगळ्या वसाहतीला नियम पाठ झाले होते आणि चेंडू हरवून आठवडा झालाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. थ्येनबाईंनी वर कळवलं: 'या काळात नियमभंगाची एकही घटना घडलेली नाही.'

शेवटी कोबीचा ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी सामना ठरला. गारठ्यात रंग पुरता वाळलेला नव्हता, चेंडू हळूहळू हिरवा होत होता. पण खेळता खेळता चेंडूने रंग बदलू नये असा नियम काही मला सापडला नाही.

उघड्या तळहातावर शुचिनबाईंची सर्व्हिस अगदीच गरीब झाली. म्याओ पोचायला लागला, परतवायला लागला. पाचव्या गेममध्ये दहा-नऊ. एक गुण, आणि तो सुखाने ग्वांगचौला जायला मोकळा.

शुचिनबाईंनी जोरात फटका मारला. चेंडू उंच गेला, म्याओच्या डोक्यावरून, टेबलाच्या बराच बाहेर. म्याओने तो जाताना पाहिला, डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि डाव्या हाताने टेबलाचा आधार घेतला.

चेंडू अजून हवेत होता.

"हात!" शुचिनबाई ओरडल्या.

"हात!" सगळं अंगण ओरडलं. शिकवणी पक्की झाली होती.

"लागलाच नाही!" असं म्हणत म्याओने हात वर करून दाखवला. तळवा हिरवागार. टेबलावर पाच बोटं उठलेली.

मी हात वर केला. दहा-दहा. पुढचे दोन गुण कसे गेले, हे म्याओलाही आठवत नाही.

तो कट्ट्यावर बसला. शुचिनबाई शेजारी बसल्या आणि एप्रनने त्याचा तळवा पुसायला लागल्या. रंग काही निघेना.

"विटा असत्या ना, तर जिंकला होतास रे," त्या म्हणाल्या. "तेव्हा हात कोण बघत होतं?"

म्याओ उठला, कोपऱ्यातल्या दोन विटा उचलून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. "एकच गेम. जुन्या पद्धतीने."

"ठेव खाली त्या," थ्येनबाई फलकाखालून म्हणाल्या. "परवानगी नाही."

सकाळी कोबी आला. म्याओ गेला. कोबीखाली त्याची पाच बोटं अजून आहेत.

तुम्ही हसताय. हसा. पण वाचता वाचता तुमचा मोकळा हात कुठे टेकलाय ते जरा बघा. टेबलावर असेल तर आता उचलून उपयोग नाही. पंच मी आहे, आणि मी पाहिलंय.